पैठणच्या राजाच्या खांद्यावर

शाळेत असताना विक्रम राजा मला परगावचा वाटायचा. औरंगपुऱ्यात जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे ‘चांदोबा’चे गठ्ठे यायचे, महिने उलटसुलट, सुतळीने करकचून बांधलेले. त्यातलं वेताळाच्या गोष्टीचं चित्र बहुधा कुणीतरी आधीच फाडून नेलेलं असायचं. ज्या अंकात ते शाबूत असे, तो अंक आधी उचलायचा. उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे झाडाची वाकडीतिकडी फांदी आणि राजाच्या पायाशी कवट्या. हे चित्र शंकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचं, हे फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की राजा उज्जैनचा. आपल्याकडे वेरूळ आहे, अजिंठा आहे, मकबरा आहे, पाणचक्की आहे. गोष्टीतला राजा मात्र दुसऱ्यांचा.

कॉलेजात असताना ‘कथासरित्सागर’ हाती आला. त्यातल्या बाराव्या, शशांकवती नावाच्या लंबकात वेताळाच्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सुरू होण्याआधी सोमदेव राजाचा पत्ता सांगतो. देश प्रतिष्ठान, नदी गोदावरी, राजाचं नाव त्रिविक्रमसेन, बापाचं नाव विक्रमसेन. मी ती ओळ दोनदा वाचली. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत एसटी जिथे पोचवते ते, आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण. जिथली माणसं गोदावरीला अजून गंगाच म्हणतात, जिथे नाथषष्ठीला आम्ही आई-वडिलांचा हात धरून गर्दीत चेंगरत असू, त्या गावच्या मसणवट्यात तो राजा मध्यरात्री प्रेत खांद्यावर घेऊन चालत होता आणि आम्हाला कुणी बोललं नव्हतं.

वेताळपंचविशीच्या या बालआवृत्तीला प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं ते त्या ओळीपोटी. प्रस्तावनेने दाराशी उभं राहून पाहुण्याला आत घ्यायचं असतं, दार अडवायचं नसतं. तरी आत जाण्याआधी ही गोष्ट कुठली, कुणाची, इथवर कशी आली आणि मुलांच्या हातात का द्यायची, हे सांगायला हवं.

*

आधी चौकट पाहू. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देतो. बोलत काही नाही, मागत काही नाही. राजा ते फळ कोषाध्यक्षाकडे सोपवतो. असं एक-दोन दिवस नाही, दहा वर्षं चालतं. एके दिवशी राखणदारांच्या हातून सुटलेलं पाळीव माकड दरबारात शिरतं, राजा हातातलं फळ त्याला देतो, माकड चावा घेतं आणि फळातून रत्न पडतं. कोषाध्यक्षाला विचारतात, तर त्याने सगळी फळं खिडकीतून कोठीत टाकलेली. दार उघडून बघतात तो फळं केव्हाच कुजून गेलेली आणि खाली रत्नांचा ढीग.

इथे क्षणभर थांबा. दहा वर्षं रोज हातात रत्न येत होतं आणि शहाण्यासुरत्या राजाला त्याचा पत्ता नव्हता. तो लागला माकडामुळे, कारण फळ खायचं असतं एवढं त्या माकडालाच कळत होतं. मुलांच्या गोष्टीची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. शिवाय यात एक व्यवहारही दडलाय. दहा वर्षांच्या रत्नांखाली दबलेला राजा भिक्षूला नाही म्हणू शकत नाही. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री मसणवट्यातल्या वडाखाली ये, दक्षिणेला शिंशपेच्या झाडावर एक प्रेत टांगलेलं आहे, ते आणून दे, एवढंच त्याचं मागणं. राजा जातो, झाडावर चढून दोर कापतो, प्रेत धपकन खाली पडतं. राजा ते चाचपून बघतो, तर ते हसतं. आत वेताळ शिरलेला. “हसतोस काय? चल,” असं राजा म्हणतो, आणि पुढच्या क्षणी प्रेत पुन्हा फांदीवर.

म्हणजे बोललात की गेलं. गोष्ट सुरू होण्याआधीच नियम कळला. मग राजा न बोलता त्याला खांद्यावर घेतो आणि वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो. शेवटी प्रश्न विचारतो आणि वर अट घालतो: उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. बोललं तर प्रेत जातं, गप्प बसलं तर डोकं जातं. राजा बोलतो. वेताळ उडतो. राजा पुन्हा झाडाकडे निघतो.

*

हा राजा पैठणचा असेल तर उज्जैनचा कधी झाला? गोष्टी तोंडातोंडी फिरल्या की मोठ्या नावाला जाऊन चिकटतात. बिरबलाच्या नावावर किती चातुर्यकथा खपल्या हे आपण पाहतोच. त्रिविक्रमसेन हे नाव उच्चारायला लांब. ‘विक्रम’ तेवढं लोकांच्या जिभेवर राहिलं, आणि विक्रम म्हटलं की विक्रमादित्य, विक्रमादित्य म्हटलं की उज्जयिनी. पैठणच्या माणसाने गंमत म्हणून पाहावी अशी एक गोष्ट यात आहे. आपल्या लोककथांत पैठणचा शालिवाहन आणि उज्जैनचा विक्रम हे एकमेकांचे वैरी. कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे शिपाई केले, त्यांच्यात जीव घातला आणि शत्रूचा पराभव केला, ही गुढीपाडव्याची गोष्ट. आजही पंचांगात नर्मदेच्या दक्षिणेला शालिवाहन शक आणि उत्तरेला विक्रम संवत. रणांगणात जे विक्रमाला जमलं नाही ते गोष्टीत जमलं. त्याने पैठणचा राजा खांद्यावरच्या प्रेतासकट उचलून नेला.

*

गोष्टींचं मूळ शोधत गेलं तर पुन्हा पैठणलाच यावं लागतं. ‘कथासरित्सागर’ काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचला, अनंत राजाची राणी सूर्यमती हिचं मन रमावं म्हणून. अठरा लंबक, एकशे चोवीस तरंग, एकवीस हजारांहून अधिक श्लोक. पण आपण हे नव्याने सांगत नाही, गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चं सार देतो आहोत, असं तो स्वतःच म्हणतो. त्याच्या थोडं आधी काश्मीरच्याच क्षेमेंद्राने ‘बृहत्कथामंजरी’ लिहिली, तीही त्याच मुळावरून. मूळ बृहत्कथा आज कुठेही नाही. ती पैशाची भाषेत होती, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, आणि ती रचणारा गुणाढ्य पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी परंपरा सांगते. इतिहासकार त्याच्या काळाबद्दल वाद घालतात. गोष्टीला त्याची फिकीर नाही.

ती गोष्ट अशी. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने हैराण झालेली एक राणी संस्कृतात म्हणाली, पाण्याने मारू नकोस. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होऊन ‘मोदकैः’ झालं. राजाला वाटलं, राणीला मोदक हवेत. त्याने ताबडतोब मोदकांची ताटं मागवली. राणी हसली. व्याकरण न येणारा राजा शरमून गप्प झाला, खाईना, बोलेना. प्रधान असलेला गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकायला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य पैजेवर उतरला: तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने कार्तिकेयाच्या प्रसादाने कातंत्र हे सोपं व्याकरण मिळवलं आणि राजा सहा महिन्यांत शिकला. गुणाढ्य हरला. तिन्ही भाषा गेल्या म्हणजे बोलायला काही उरलंच नाही. दोन शिष्य घेऊन तो विंध्याच्या रानात निघून गेला.

तिथे त्याला पिशाचांची भाषा कानावर पडली. ती पैजेत नव्हती. ती शिकून त्याने काणभूती नावाच्या पिशाचाकडून सात विद्याधरांची कथा ऐकली आणि सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांनी ते बाड पैठणला नेलं. आता व्याकरण आलेल्या राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि नाक मुरडलं.

गुणाढ्याने मग एका टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. शिष्य रडत होते. रानातली जनावरं मात्र चरणं सोडून भोवती जमली, हरणं, डुकरं, रेडे, सगळी गोल बसून ऐकू लागली. तिकडे पैठणात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळलेलं येतंय. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं. शिकारी म्हणाले, काय करणार, एक बामण तिकडे पानं वाचून जाळतोय आणि जनावरं खायचंच विसरलीत. राजा स्वतः गेला. तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. शिष्यांना आवडत असलेलं नरवाहनदत्ताचं एक लाखाचं चरित्र तेवढं गुणाढ्याने राखून ठेवलं होतं. ते राजाला मिळालं. आपल्याकडे आलं ते त्यातलंच उरलंसुरलं.

मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जळलेल्या सहा लाखांत काय होतं? त्याला उत्तर नाही. दुसरा प्रश्न मात्र मी विचारतो. पैठणात जनावरांनी शहाण्यांना तोंडघशी पाडल्याची आणखी एक गोष्ट आपल्याला पाठ आहे, ती कोणती? नागघाटाकडे बोट दाखवायची गरज पडत नाही. ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेला रेडा मराठवाड्यातल्या पोरांना न सांगता आठवतो. पैठण हे धर्मसभेचं, निर्णयपत्रांचं, पंडितांचं गाव. त्याच गावाने आपल्या आठवणीत एक रेडा वेद म्हणताना जपला आणि दुसरीकडे रानातली जनावरं गोष्ट ऐकताना उपाशी राहिलेली जपली. ज्या गावात पोथीचा दरारा जास्त, तिथली गोष्ट पोथीवर असा सूड उगवते.

*

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. वेताळाच्या गोष्टी गुणाढ्याच्या मूळ ग्रंथात होत्याच, असं अभ्यासक छातीठोकपणे म्हणत नाहीत. काश्मीरच्या दोन्ही ग्रंथांत त्या आहेत. पण बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’, ज्याच्या पोथ्या नेपाळात मिळाल्या, त्याच्या आज उपलब्ध भागात वेताळ नाही. तेव्हा या गोष्टी वेगळ्या फिरत असाव्यात आणि काश्मिरात त्या मोठ्या कथेत ओवल्या गेल्या असाव्यात.

मला मात्र गुणाढ्याची गोष्ट आणि वेताळाची गोष्ट एकाच कापडाच्या वाटतात, आणि ते नुसत्या पैठणच्या नावामुळे नाही. दोन्हींच्या मुळाशी मौन आहे. गुणाढ्याच्या गोष्टीच्या आरंभी शंकर पार्वतीला गोष्ट सांगत असतो, पुष्पदंत नावाचा गण चोरून ऐकतो आणि बायकोला सांगतो. ती पार्वतीला सांगते. सगळं रामायण घडतं ते पुष्पदंताच्या पोटात गोष्ट राहिली नाही म्हणून. त्याची बाजू घेणारा माल्यवान शापित होऊन पुढे गुणाढ्य म्हणून जन्मतो. गुणाढ्य मौन धरतो, पण गोष्ट ऐकली की त्याचंही मौन टिकत नाही, मग भाषा पिशाचांची का असेना. आणि त्रिविक्रमसेन? त्याने फक्त गप्प राहायचं होतं. जगातलं सगळ्यात सोपं काम. तेवढं त्याला जमेना, कारण गोष्टीच्या शेवटी प्रश्न होता. ‘पोटात ठेव’ असं आपण मुलांना सांगतो. कुठली गोष्ट पोटात राहिली आहे?

*

पोटात न राहिलेल्या या गोष्टी मग कुठे कुठे गेल्या ते पाहण्यासारखं आहे. पैठण हे त्या काळी पेठेचंही गाव. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे माल उतरायचा. मुक्कामाला थांबलेले व्यापारी रात्री काय करणार? वेताळाच्या गोष्टींत इतके व्यापारी, इतके परदेशी गेलेले नवरे आणि इतकी गलबतं आहेत ती उगाच नाहीत.

संस्कृतात शिवदासाने त्या वेगळ्या लिहिल्या, जंभलदत्तानेही लिहिल्या. तिबेट-मंगोलियात त्या ‘सिद्धी कूर’ या नावाने पोचल्या. तिथे वेताळ शेवटी प्रश्नही विचारत नाही. गोष्टच अशी रंगते की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपसूक उद्गार निघतो आणि प्रेत पळतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ‘बैताल पचीसी’ तयार झाली, कंपनीच्या साहेबांना हिंदुस्थानी शिकवण्यासाठी. ज्या साहेबांना आपल्याकडच्या भुतांची टिंगल करायची सवय, त्यांना परीक्षेला भूतच बसलं. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये इंग्रजीत त्या आपल्या मर्जीने सजवून मांडल्या. डोक्यांची अदलाबदल झालेल्या गोष्टीवरून टॉमस मानने १९४० मध्ये जर्मन कादंबरिका लिहिली आणि त्या धाग्यावरून गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’ उभं केलं. गोष्ट खूप फिरली की घरी येताना नाटकातून येते.

मराठीत छापील बालवाङ्मयाची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात त्या सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि इसापनीती दिली आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. म्हणजे मराठी मुलांसाठी छापखाना चालू झाल्याबरोबर दोन-तीन वर्षांत वेताळ हजर. ‘कथासरित्सागरा’ची दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघाली. पुढे मद्रासचा ‘चांदोबा’ आला. त्याने मूळ गोष्टी संपल्यावर नव्या गोष्टी रचून वेताळाच्या तोंडी घातल्या आणि चौकट तेवढी कायम ठेवली. १९८५ मध्ये रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर लागली तेव्हा अरुण गोविल विक्रम होते आणि सज्जन वेताळ. गल्लीतल्या एका टीव्हीसमोर वीस-वीस पोरं बसत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकमेकांच्या पाठीवर चढून बसायचा खेळ. खाली वाकणाऱ्याला बोलायची मनाई.

*

इतक्या गोष्टी असताना मुलांना हीच का द्यायची? एक गोष्ट शेजारी ठेवून पाहू. पंचतंत्रात चार ब्राह्मण आहेत. तिघे विद्वान, एक अडाणी पण शहाणा. वाटेत सिंहाची हाडं दिसतात. एक जण हाडं जुळवतो, दुसरा मांस-कातडं चढवतो, तिसरा प्राण घालायला निघतो. चौथा म्हणतो, थांबा, मला झाडावर चढू द्या. सिंह उठतो आणि तिघांना खातो. तात्पर्य: विद्येपेक्षा अक्कल मोठी. गोष्ट संपली, वही मिटली.

वेताळ हीच गोष्ट सांगतो, पण त्याच्याकडे झाडावर चढणारा नाही. चार भाऊ, चौघेही विद्या शिकून आलेले, चौघेही मरतात. मग तो विचारतो: चूक कुणाची? इथे तात्पर्य देऊन सुटता येत नाही. राजा म्हणतो, ज्याने प्राण घातले त्याची. बाकीच्यांनी काम केलं तेव्हा हाड कुठल्या जनावराचं ते कळत नव्हतं. चौथ्यासमोर आख्खा सिंह उभा होता, तरी त्याने प्राण घातले. विद्या कुठे थांबवायची याबद्दलचा हा निवाडा कितीही जुना असला तरी शिळा झालेला नाही.

दुसरी गोष्ट तीन नाजूक भावांची. एकाला भाताला स्मशानाच्या धुराचा वास येतो, आणि चौकशीअंती तांदूळ खरंच स्मशानाजवळच्या शेतातला निघतो. दुसऱ्याला सुंदर स्त्रीच्या अंगाला शेळीचा वास येतो, आणि ती लहानपणी शेळीच्या दुधावर वाढलेली निघते. तिसरा सात गाद्यांवर झोपतो आणि ओरडत उठतो, कुशीवर लाल वळ. गाद्या उपसल्या तर सगळ्यात खाली एक केस. अँडरसनची वाटाण्यावरची राजकन्या आपल्याला माहीत आहे. ती १८३५ ची. तिच्या कितीतरी आधी आपल्याकडे हा केस टोचलेला आहे. पण अँडरसन जिथे थांबतो तिथून वेताळ पुढे जातो. तो विचारतो, तिघांत खरा नाजूक कोण? राजाचं उत्तर एखाद्या मुरलेल्या न्यायाधीशाचं आहे. गादीवाला. पहिल्या दोघांना ती माहिती आधी कुणाकडून तरी मिळालेली असू शकते. तिसऱ्याच्या अंगावर वळ आहे. दहा वर्षांच्या मुलाला ‘पुरावा म्हणजे काय’ हे यापेक्षा कमी शब्दांत कसं शिकवणार?

राजाची सगळी उत्तरं आज पटतील असं नाही. काही निवाड्यांत बाईला वस्तूसारखं वाटून टाकलं आहे, काहींत जातीची उतरंड गृहीत आहे. या आवृत्तीत अशा दोन-तीन ठिकाणी कात्री लावली आहे, पण प्रश्न कुठेही काढलेला नाही. राजाशी भांडायची मुभा मुलांना हवी.

राहिला भीतीचा मुद्दा. प्रेत, मसणवटा, कवट्या, हे मुलांना कशाला, असं काही पालक विचारतात. आपल्याकडे वेताळ म्हणजे नुसतं भूत कधीच नव्हतं. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो, तो वेताळबाबा. गोव्यात त्याच्या पुरुषभर उंच दगडी मूर्ती पुजतात. पुण्याच्या माणसाला तर सकाळी फिरायलाच वेताळ टेकडी लागते. तो भुतांचा राजा असला तरी गावचा राखणदार आहे. पंचविशीच्या शेवटी तो राजाचा जीव वाचवतो हे त्या श्रद्धेला धरूनच आहे. ‘भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि तुझी मान छाटेल, तू म्हण, मी राजा, मी कधी कुणापुढे वाकलो नाही, कसं वाकायचं ते आधी तूच दाखव,’ ही युक्ती वेताळाचीच. रोज फळ देणारा गोड माणूस घातकी निघतो आणि पाठीवर बसलेलं भूत मित्र. मुलांनी ज्याला भ्यायचं ते कोण, हे ओळखायला यातून शिकलं तर थोडी रात्रीची झोप उडाली तरी चालेल.

शेवटी राजा वर मागतो तोही पाहा. राज्य नको, सोनं नको. या चोवीस गोष्टी आणि त्यांना गुंफणारी पंचविसावी जगात प्रसिद्ध व्हाव्यात. वेताळ तथास्तु म्हणतो आणि वर पुस्ती जोडतो की जिथे या सांगितल्या जातील तिथे भुताखेतांचं काही चालणार नाही. भ्यायलेल्या मुलाला एवढं सांगावं.

*

राजा गप्प बसतो तो चोविसाव्या गोष्टीला. रानातून पळणाऱ्या राणीची आणि तिच्या मुलीची पावलं एका बापलेकाला दिसतात. दोघे ठरवतात, मोठ्या पावलांची ती बापाची बायको, लहान पावलांची ती मुलाची. गाठ पडते तेव्हा कळतं, मुलीची पावलं आईपेक्षा मोठी. शब्द तर दिलेला. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोघांनाही मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा विचार करतो, त्याला सुचत नाही, तो मुकाट चालत राहतो. तेवीस वेळा अकलेने हरलेला राजा चोविसाव्यांदा अज्ञानाने जिंकतो.

पैठण रस्त्यावरच्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला मी या गोष्टी सांगितल्या. सिंहाच्या गोष्टीला एक मुलगा म्हणाला, “सिंहाची काय चूक हाय सर? त्याला भूक लागली आसंल.” या बाजूने राजानेही विचार केला नव्हता. चोविसावी सांगून झाल्यावर मी फळ्यावर चार गोल काढले आणि म्हणालो, याचं उत्तर राजालाही आलं नाही. बराच वेळ कुजबुज चालली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, गोलांमधून दोन रेघा ओढल्या, त्यांच्याखाली दोन शब्द लिहिले आणि जागेवर जाऊन बसली. आपल्या भाषेत काका वेगळा आणि मामा वेगळा, एवढीच किल्ली मी इथे देतो. रेघा वाचकाने ओढाव्यात.

मी फळ्याकडे बघत राहिलो. उत्तर बरोबर होतं. वर्ग एकदम शांत झाला आणि पहिल्या बाकावरच्या पोराने काळजीच्या सुरात विचारलं, “सर, मंग वेताळ परत झाडावर गेला का?”

गेला. त्याला उतरवून आणायचं काम आता तुमच्याकडे. पान उलटा.

छत्रपती संभाजीनगर
गुढीपाडवा